पत्ते उरले, डाव गेला

माझ्या भाच्याला सध्या एक वेड लागलंय. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा अमेरिकन खेळ त्याला खेळायचाय, तोही अगदी सुरुवातीच्या नियमांनी. त्यासाठी तो आणि त्याचे मित्र जुनी नियमपुस्तकं शोधतायत. मी हसलो. म्हटलं, खेळायला पुस्तक कशाला लागतं? तर म्हणाला, "मामा, यात पुस्तक हाच खेळ आहे."

खरं आहे त्याचं. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली हा खेळ काढला, तेव्हा पेटीत मुख्य ऐवज म्हणजे तीन छोट्या पुस्तिका. पहिल्या छपाईच्या प्रती फक्त हजार. एकाने गोष्ट चालवायची, बाकीच्यांनी योद्धा नाहीतर जादूगार होऊन तिच्यात शिरायचं, निकाल फाशांवर. पन्नास वर्षं उलटली, तरी भिवंडीतली पोरं तो खेळ मांडू शकतात. कारण नियम छापलेले होते.

तेव्हा मला आपला गंजिफा आठवला.

सावंतवाडीचे गोल, रंगवलेले पत्ते तुम्ही प्रदर्शनात पाहिले असतील. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, वजीर आणि एक्का ते दश्शी. एकूण १२० पानं. तिघे खेळणार, प्रत्येकाला ४०. हुकूम वगैरे नाही. दिवसा डाव असेल तर रामाचा राजा ज्याच्याकडे त्याची उतारी, रात्री कृष्णाचा राजा ज्याच्याकडे त्याची. गंमत पुढेच आहे. पाच रंगांत वजिराखाली दश्शी मोठी, उरलेल्या पाचांत उलटं, तिथे एक्का मोठा! डोक्याला चांगलाच व्यायाम.

शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी १९७० च्या दशकात ही कला मरता मरता वाचवली. त्यांचे उपकारच आहेत. पण वाचली ती चित्रकला. पत्ते आता फ्रेममध्ये बसतात, भेट म्हणून दिले जातात. हे खेळायचे कसे, असं विचारलं की घेणारा गप्प आणि देणाराही.

उलट खो-खो बघा. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने त्याचे नियम बसवले. गावोगाव वेगळा खेळला जाणारा खेळ एका नियमात आला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत त्याचा विश्वचषक झाला आणि आपल्या पुरुष व महिला, दोन्ही संघांनी तो जिंकला.

आपल्या भिवंडीत यंत्रमागांवर कामाला तेलंगणातून, उत्तर प्रदेशातून माणसं आली. ती येताना आपापले खेळही घेऊन आली असणार. आज इथल्या गोदामांतून दुनियेचा माल जातो. पण आपल्या गल्लीतले डाव कुणी लिहून ठेवलेत का?

माझ्या आजीचा सारीपाट अजून ट्रंकेत आहे. सोंगट्याही शाबूत आहेत. पण तिचे काही घरचे नियम होते, ते तिच्याबरोबर गेले. मी रोज लोकांना प्रश्न विचारून पोट भरतो, आणि आजीला तेवढं विचारायचं राहून गेलं.

तुमच्या घरी कुणी जाणतं असेल तर आजच वही घेऊन बसा. किती खेळाडू, पहिली पाळी कुणाची, बाद कधी, भांडण झालं तर कुणाचं ऐकायचं, सगळं लिहा. आणि जुनं खेळाचं पुस्तक सापडलं तर कृपा करून रद्दीत घालू नका.