लोणावळ्याची प्रयोगशाळा आणि शंकरपाळ्याची आकृती

पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा. आपल्या मावळाचा विषय आहे म्हणून लिहितोय.

लोणावळा म्हटलं की लोकांना चिक्की आणि भुशी डॅम आठवतो. पण 1924 साली याच गावात योगाला प्रयोगशाळेत नेणारी संस्था सुरू झाली, कैवल्यधाम. संस्थापक स्वामी कुवलयानंद, मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. त्याआधी बडोद्याच्या हॉस्पिटलात त्यांनी नौली, उड्डियान या क्रिया चालू असताना एक्स-रे काढून पाहिले होते. नौली करताना आतड्यात हवेचा दाब खरंच कमी होतो हे यंत्रावर मोजलं, आणि त्या पोकळीला आपल्या गुरूंचं, माधवदासजींचं नाव दिलं. निष्कर्ष छापायला त्याच वर्षी ‘योग मीमांसा’ हे नियतकालिक काढलं.

मला या माणसाचं सगळ्यात मोठेपण वाटतं ते वेगळ्याच गोष्टीत. प्राणायामाने शरीराला भरपूर ऑक्सिजन मिळतो, असं आजही सकाळी ग्रुपवर फिरतं ना? तो समज मोजमाप करून कुवलयानंदांनीच नव्वदेक वर्षांपूर्वी खोडून काढला होता. योगाचा प्रचारक असून! प्राणायामाचं महत्त्व दुसरीकडे आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

1930च्या दशकात अमेरिकेच्या येल विद्यापीठातला के. टी. बेहनन हा संशोधक लोणावळ्यात येऊन शिकला, मग स्वतःच्याच शरीरावर प्रयोग करून 1937 साली पुस्तक छापलं. अभ्यास मेहनतीचा, पण माणूस एकच. एकाला गुण आला म्हणून हजारांना येईल का?

हा प्रश्न एकट्या योगाचा नव्हता. दिवस भरायच्या आत बाळंत होणाऱ्या बाईला स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं तर बाळं वाचतात, याची पहिली मोठी चाचणी 1972 साली न्यूझीलंडमधून प्रसिद्ध झाली. पुढे आणखी चाचण्या झाल्या, पण सगळ्या एकत्र मांडून कुणी बघेना. बहुतेक डॉक्टर कित्येक वर्षं ते इंजेक्शन देत नव्हते. अर्ची कॉक्रेन या ब्रिटिश डॉक्टरने 1979 साली आपल्याच व्यवसायाला यावरून सुनावलं होतं: सगळ्या चाचण्यांचा चिकित्सक गोषवारा तुम्ही का ठेवत नाही? 1993 साली त्यांच्या नावाने संस्था उभी राहिली. तिच्या बोधचिन्हात याच सात चाचण्यांची आकृती आहे.

असा गोषवारा म्हणजे सिस्टिमॅटिक रिव्ह्यू, आणि तो तयार करायचं कॉक्रेनचं सॉफ्टवेअर म्हणजे रेव्हमॅन. अनेक वर्षं ते कोपनहेगनमध्ये घडवलं गेलं, आता ब्राउझरमध्ये चालतं. नव्याने शिकणारे बहुतेक जण ते उघडून थेट आकडे भरायला बसतात. तिथेच गाडी घसरते. आधी प्रश्न नक्की करायचा: कोणते रुग्ण, कोणता उपचार, कशाशी तुलना, फायदा कशावरून मोजणार. हे शोध सुरू करण्याआधी लिहून ठेवायचं, नाहीतर आपल्याला हवे तेच अभ्यास निवडायचा मोह होतो. (बातमीदारीतही हेच होतं, त्यावर पुन्हा कधीतरी.) मग मिळालेला प्रत्येक अभ्यास नोंदवायचा. तो किती निःपक्षपाती आहे ते तपासायचं: गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडले का, मध्येच सोडून गेलेल्यांचं काय झालं. त्यानंतर आकडे. दोन्ही गटांत किती माणसं, सरासरी किती, आकड्यांचं विचलन किती. सॉफ्टवेअर प्रत्येक अभ्यासाची एक आडवी रेघ काढतं आणि सगळ्यांची गोळाबेरीज खाली शंकरपाळ्याच्या आकारात दाखवतं. शंकरपाळं मधल्या उभ्या रेषेला शिवलं तर फरक आहे असं छातीठोक सांगता येत नाही.

पण रेव्हमॅन गणित करतं, पारख नाही. कचरा भरलात तरी शंकरपाळं सुबकच येणार.

आता योगाकडे. दमा आणि योग यावरचा कॉक्रेनचा रिव्ह्यू 2016 साली आला: 15 चाचण्या, 1048 रुग्ण, बहुतेक चाचण्या भारतातल्याच. निष्कर्ष असा की दम्याच्या त्रासात आणि रोजच्या जगण्यात योगाने बहुधा थोडी सुधारणा होते. फुप्फुसाच्या क्षमतेबद्दल आणि औषध कमी होण्याबद्दल मात्र ठाम सांगता येत नाही. आपल्याकडे दोन्ही बाजूंना हे पचत नाही. एकाला ‘योगाने दमा बरा’ ऐकायचं असतं, दुसऱ्याला ‘सगळं थोतांड’. आणि या भांडणात पावसाळ्यात, ऐन धुक्यात, कुणीतरी इनहेलर कपाटात ठेवून देतो. त्या रिव्ह्यूत इनहेलर बंद करा असं कुठेही म्हटलेलं नाही.

आयसीएमआरने पैसे भरल्यामुळे 2007 पासून कॉक्रेन लायब्ररी भारतात मोफत वाचता येऊ लागली. प्रत्येक रिव्ह्यूला साध्या भाषेतला सारांश असतो, दहा मिनिटांत वाचून होतो. पुढचा फॉरवर्ड आला की आधी तो उघडा.