रंगपटातला वीर आणि पडद्यावरचा शिपाई

तंजावरहून पट्टुकोट्टईकडे जाणाऱ्या वाटेवर ओरत्तनाडु नावाचे गाव आहे. दुसऱ्या सरफोजी महाराजांच्या कारकिर्दीत, म्हणजे १७९८ ते १८३२ या काळात, रामेश्वरच्या यात्रेकरूंच्या सोयीसाठी येथे मुक्तांबाळ छत्र उभे राहिले. महाराष्ट्रापासून इतक्या दूर भोसले घराण्याने अन्नछत्रे घालावीत, याचे मूळ १६७६ च्या सुमारास व्यंकोजी राजांनी हस्तगत केलेल्या तंजावरच्या राज्यात आहे. तलवारीच्या बळावर आलेल्या या घराण्याच्या दुसऱ्याच पिढीत शहाजी राजांनी (१६८४ ते १७१२) 'लक्ष्मीनारायणकल्याण' यासारखी मराठी नाटके रचली. सांगलीला विष्णुदास भाव्यांचे 'सीतास्वयंवर' झाले ते १८४३ साली. त्याच्या सुमारे दीडशे वर्षे आधी, कावेरीकाठी, खरा शिपाई आणि नाटकातला वीर हे दोघे एकाच दरबाराच्या आश्रयाला नांदू लागले होते.

या दोघांचे पोशाख मात्र एक नव्हते, आणि पुढेही ते कधी एक झाले नाहीत. मराठी चित्रपटाला जेव्हा वीर पुरुष पडद्यावर आणावा लागला, तेव्हा या दोहोंपैकी कोणाचे वस्त्र त्याच्या अंगावर घालावे, हा प्रश्न उभा राहिला. वरवर तो शिंप्याचा प्रश्न वाटतो; पण त्यात इतिहासाच्या सत्याचा आणि नटाच्या देहाचाही प्रश्न गुंतलेला आहे.

खऱ्या शिपायाची गरज साधी असते. घोड्यावर मांड घालता आली पाहिजे, हात खांद्यावरून मोकळा फिरला पाहिजे आणि मैलोगणती मजल मारूनही अंग सोलवटता कामा नये. आखूड अंगरखा, सुरवार, कमरेला घट्ट आवळलेला शेला आणि डोक्याला पागोटे हा वेष या गरजेतूनच आला. शेल्याने पाठीला आधार मिळे आणि शस्त्राचा भार कमरेवर येई. पागोट्याच्या घड्यांनी उन्हाप्रमाणेच वारही थोडाफार अडे. १६५९ साली प्रतापगडाच्या पायथ्याशी शिवाजी महाराज अफझलखानाच्या भेटीला गेले, तेव्हा त्यांनी चिलखत अंगरख्याच्या आत घातले होते आणि पोलादी टोप मंदिलाखाली झाकला होता. जे प्राण वाचवणार ते आत, आणि जे लोकांना दिसणार ते साधे, असा तो विचार होता.

रंगभूमीने याच्या नेमके उलट केले, आणि तिला तसे करणे भागच होते. भाव्यांच्या नाटकात राक्षस आरोळ्या ठोकीत, राळेच्या भडक्यात प्रवेश करी. दिवट्यांच्या हलत्या उजेडात, शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही तो ओळखू यावा, म्हणून मुकुट मोठा, रंग भडक आणि बेगड झगझगीत असे. त्या ओझ्याखाली नट घामाघूम होई. पण चार पावले नाचून दोन हात तलवारीचे केले की त्याचे काम भागे. प्रेक्षक दूर होता, आणि ते अंतर पोशाखाच्या साऱ्या उणिवा झाकून घेत असे.

कॅमेऱ्याने हे अंतर नाहीसे केले. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'ने पौराणिक पात्रे पडद्यावर आणली, तेव्हा रंगपटातले जामानिमे त्यांच्यासोबत येणे स्वाभाविक होते. पण पडद्यावर बेगड हे बेगडच दिसते. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर मुळात चित्रकार. त्यांनी ही अडचण ओळखली. पात्रांचे पोशाख आणि हालचाली ते आधी कागदावर रेखाटीत, आणि मगच चित्रीकरणाला हात घालीत. १९२३ सालच्या त्यांच्या 'सिंहगड'मध्ये वीराला गडाच्या वाटा तुडवायच्या होत्या आणि हातघाईची लढाई करायची होती. नाटकी मुकुट आणि जरीचा घोळदार झगा तिथे निरुपयोगी ठरणार होता.

त्यात आणखी एक गंमत होती. त्या काळच्या फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसतच नसे. लाल पागोटे पडद्यावर काळे उतरे आणि फिकट निळा शेला पांढरा भासे. त्यामुळे कापड निवडताना माणसाच्या डोळ्याबरोबर फिल्मचा डोळाही विचारात घ्यावा लागे. १९३२ साली प्रभातचा 'अयोध्येचा राजा' बोलू लागला, आणि डोळ्यांच्या जोडीला कानही आले. पत्र्याच्या कवचाचा खडखडाट आणि दागिन्यांची किणकिण आता संवादात घुसू लागली. दिव्यांच्या उष्णतेत तासन् तास उभे राहणाऱ्या नटाला जड वस्त्र ही शिक्षाच होती.

इतिहासाने बांधलेल्या वीरापेक्षा कल्पनेतल्या वीराचा पोशाख अधिक अवघड. १९३६ च्या 'अमरज्योती'त दुर्गा खोटे यांनी चाच्यांच्या राणीची भूमिका केली. अशा राणीला कोणत्याही बखरीचा आधार नसतो. तिच्यासाठी काहीही शिवता येते आणि म्हणूनच चूक होण्याचा संभव अधिक. तिचा रुबाब प्रेक्षकाला पटायचा तर जहाजावर चढता-उतरताना तिचा पाय वस्त्रात अडकून चालणार नाही.

यावर कारागिरांनी हळूहळू जे उपाय काढले, ते मोठे शहाणपणाचे आहेत. धातूचे कवच जाऊन कापडाचे व कागदाच्या लगद्याचे कवच आले. काखेत जादा कापडाची कळी घातली की हात डोक्यावर जाऊनही अंगरखा वर ओढला जात नाही. खांद्यावरचा भार कमरपट्ट्यावर आणला की मान मोकळी राहते. एकाच पोशाखाच्या दोन-तीन प्रती केल्या, तर जवळून दिसणारी वेगळी आणि झुंजीची वेगळी ठेवता येते.

कोल्हापूरच्याच भानू अथैया यांनी ही दृष्टी पुढे नेली. १९६६ च्या 'आम्रपाली'साठी त्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचा अभ्यास केला, आणि 'गांधी' चित्रपटासाठी १९८३ साली त्यांना ऑस्कर मिळाले. हा मान ज्या चित्राने दिला, त्यातले सर्वांत लक्षात राहणारे वस्त्र खादीचा पंचा आहे, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

ओरत्तनाडुच्या छत्रात टेकलेल्या यात्रेकरूला ठाऊक होते की लांबच्या वाटेला ओझे कमी हवे. मराठी स्वारानेही तेच जाणले होते. पडद्यावरच्या वीराला मात्र ते उमगायला बराच काळ लागला. वेषाने वीर नजरेत भरतो हे खरे. पण तलवार उचलताना हात अडला, की तो वीर पुन्हा रंगपटातला नट होऊन जातो.