सुसर, मगर आणि एक परका शब्द

भिलाईहून हावड्याकडे निघालेली आगगाडी बिलासपूर ओलांडून गेली की कोटमी सोनार हे छोटे स्थानक लागते. या गावच्या तळ्यांत मगरी पिढ्यान्‌पिढ्या राहत आल्या. त्याच पाण्यात माणसे आंघोळ करीत, गुरे पाणी पीत, अपघातही होत. अखेर २००६ च्या सुमारास एका मोठ्या तळ्याभोवती कुंपण घालून उद्यान उभारले गेले आणि आसपासच्या तळ्यांतील मगरी तेथे हलवण्यात आल्या.

इंग्रजी अमदानीतील प्रवासवर्णनांत अशा मगरींना बिनदिक्कत ‘अ‍ॅलिगेटर’ म्हटले जाई. कराचीजवळच्या मंघोपीरच्या कुंडातील मगरीही त्यातून सुटल्या नाहीत. वास्तविक भारतात अ‍ॅलिगेटर मुळीच नाही. त्याच्या दोनच जाती, एक अमेरिकेत व दुसरी चीनमध्ये. त्याचे भाऊबंद केमन मध्य व दक्षिण अमेरिकेत. तो शब्द स्पॅनिश ‘एल लागार्तो’वरून, म्हणजे सरड्यावरून आला. लिनियसनेही १७५८ मध्ये मगरीला सरड्यांच्याच प्रजातीत बसवले होते. १८०७ मध्ये क्यूव्हिएने अ‍ॅलिगेटर वेगळा काढला. १८३१ मध्ये लेसनने आपल्या मगरीला ‘पॅलुस्ट्रिस’, म्हणजे दलदलीतली, हे नाव दिले. ते मात्र चपखल बसले.

मगर व अ‍ॅलिगेटर यांची घराणी डायनोसॉरांच्या काळातच विभक्त झाली. मगरीच्या जिभेवर मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात, अ‍ॅलिगेटरच्या नसतात. तोंड मिटल्यावरही मगरीच्या खालच्या जबड्यातील चौथा दात बाहेर दिसतो. आपली सुसर, म्हणजे हिंदीतील घडियाल, जनुकांच्या साक्षीने मगरीच्याच बाजूची ठरते. युरोपीय ग्रंथांत तिचे ‘गेव्हिअल’ झाले, तेही ‘घडियाल’ चुकीचे वाचल्यामुळे! (आपणही काही कमी नाही, ‘सुसरबाई, तुझी पाठ मऊ’ म्हणताना तिच्या पाठीवरील अस्थिपट्टांचा आपल्याला विसर पडतो.)

नावांच्या या गोंधळात सुसरीचे दुःख झाकले जाते. मगर आटत्या तळ्यातही बीळ खणून राहते, प्रसंगी जमिनीवरून चालत दुसरे पाणी गाठते. सुसरीला ते जमत नाही. तिला वाहती, खोल नदी आणि वाळूचे काठ लागतात. १९७५ मध्ये मगर संवर्धन प्रकल्प सुरू झाला तेव्हा देशात जेमतेम दोनशे सुसरी उरल्या होत्या. भिलाईशेजारून वाहणारी शिवनाथ महानदीला मिळते, आणि महानदी हा सुसरीच्या वस्तीचा दक्षिणेकडील शेवटचा आधार. ओडिशातील सातकोसिया घळीत सोडलेल्या सुसरींची दशकानुदशके नैसर्गिक वीण झाली नव्हती. २०२१ च्या उन्हाळ्यात तेथील वाळूत २८ पिल्ले दिसली.