क्लुनी मठ

क्लुनी मठ हा फ्रान्सच्या बर्गंडी प्रदेशातील भग्नावस्थेतील बेनेडिक्टाइन मठ आहे. ॲक्विटेनचा ड्यूक विल्यम याने इ.स. ९१० मध्ये त्याची स्थापना केली. येथील तिसऱ्या चर्चचे बांधकाम मठाधिपती ह्यू यांच्या काळात, १०८८ मध्ये सुरू झाले. सुमारे १८७ मीटर लांबीचे हे रोमनेस्क शैलीतील चर्च, रोममधील सध्याचे सेंट पीटर्स बॅसिलिका उभे राहीपर्यंत, ख्रिस्ती जगातील सर्वांत मोठे होते.

शिल्पकाम

वेदीमागे अर्धवर्तुळात उभ्या असलेल्या स्तंभांची कोरीव शीर्षे विशेष प्रसिद्ध आहेत. त्यांवर चर्चगायनाचे आठ स्वरप्रकार मानवी रूपांत, तसेच नंदनवनातील चार नद्या व वृक्ष कोरलेले आहेत. काही शीर्षांवर लॅटिन लेखही आढळतात.

विध्वंस व अवशेष

फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात मठ बंद करण्यात आला. १७९८ मध्ये विक्री झाल्यावर चर्च टप्प्याटप्प्याने पाडून त्याचे दगड बांधकामासाठी विकले गेले. आज आडव्या दालनाची दक्षिण बाजू व त्यावरील अष्टकोनी घंटामनोरा हाच त्याचा प्रमुख अवशेष उरला आहे. अमेरिकन वास्तुइतिहासकार केनेथ जॉन कोनंट यांनी १९२८ पासून केलेल्या उत्खननामुळे चर्चचा मूळ आराखडा स्पष्ट झाला. वाचलेली स्तंभशीर्षे मठाच्या तेराव्या शतकातील पिठाच्या कोठारात मांडलेली आहेत.