शॉकली यादीत का नव्हता?

प्रज्ञावंत मुलांच्या शिक्षणावर संशोधन करायचं ठरवलंत, की साहित्याचा आढावा घेताना लुईस टर्मन भेटणारच. स्टॅनफर्डच्या या मानसशास्त्रज्ञाने 1921 मध्ये कॅलिफोर्नियातली हुशार मुलं शोधून त्यांचा आयुष्यभर मागोवा घ्यायला सुरुवात केली. अखेर नमुना 1,528 जणांचा झाला. तुम्ही निष्कर्षांकडे धावाल. तसं करू नका, आधी निवड कशी झाली ते वाचा.

शाळाशाळांतून शिक्षकांना विचारलं गेलं: वर्गातली सर्वांत हुशार तीन मुलं कोणती, आणि वयाने सर्वांत लहान कोण? मुख्यतः याच नावांना पुढची चाचणी. म्हणजे शिक्षकाच्या नजरेत जो भरला नाही, तो बहुधा तिथेच गळाला. गरीब घरातली, इंग्रजी नीट न येणारी मुलं नमुन्यात फारच कमी आली, यात नवल नाही. (टर्मनची स्वतःची दोन्ही मुलं मात्र आली!) त्यात टर्मन सुप्रजननशास्त्राचे पुरस्कर्ते. बुद्धी आनुवंशिक असते हे त्यांनी आधीच मनाशी पक्कं केलेलं होतं.

दुसरी गाळणी चाचणीची, साधारण 140 बुद्ध्यांकाची. विल्यम शॉकली या मुलाची चाचणी झाली, पण गुण कमी पडले. 1956 मध्ये ट्रान्झिस्टरसाठी त्याला नोबेल मिळालं. निवडलेल्यांपैकी एकालाही ते कधी मिळालं नाही. हा किस्सा सगळे रंगवून सांगतात. मला विचाराल तर याहून गंभीर दोष वेगळाच आहे: टर्मन आपल्या मुलांसाठी शिफारसपत्रं लिहायचे. मग त्यांच्या यशात बुद्धीचा वाटा किती आणि पत्राचा किती, हे वेगळं कसं काढणार? आपण प्रयोगशाळेत असं केलं असतं तर गाईडने वही फेकून दिली असती.

ज्युलियन स्टॅनली यांनी 1971 मध्ये जॉन्स हॉपकिन्सला वेगळी वाट धरली. वयानुरूप चाचणीत वरची सगळी मुलं सारखीच दिसतात, कारण पेपरच संपतो. म्हणून त्यांनी बारा-तेरा वर्षांच्या मुलांना कॉलेजप्रवेशाची एसएटी दिली. कोण किती पुढे आहे ते कळलं, आणि कोणाला पुढचं गणित लगेच शिकवायचं हेही.

आता आपल्याकडचं. टर्मननेच 1916 मध्ये बिनेची चाचणी अमेरिकेसाठी बेतली होती. तीच धारवाडला व्ही. व्ही. कामत यांनी कन्नड आणि मराठी मुलांसाठी बसवली. त्यांचं पुस्तक 1940 चं. बिने-कामत चाचणी आजही आपल्याकडे वापरात आहे. तुमच्या प्रबंधात ती वापरणार असाल, तर तिची प्रमाणकं कोणत्या काळातल्या, कोणत्या मुलांवरून काढली, हे पद्धतीच्या प्रकरणात स्पष्ट लिहा. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न त्यावरच येऊ शकतो.