सातशे एकोणीस

दोन वर्षांपूर्वी भाऊबिजेला नांदेडला बहिणीकडे गेलो होतो. परत निघताना रद्दीच्या दुकानात एक फाटके इंग्रजी पुस्तक हाती लागले. ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’, म्हणजे एका ठगाचा कबुलीजबाब. लेखक फिलिप मेडोज टेलर, साल १८३९. माझे इंग्रजी मॅट्रिकपुरते. तरी लोहा गेले, अहमदपूर गेले, ते कळले नाही. लातूरच्या स्टँडवर कंडक्टरने “गुरुजी, उतरायचं नाही का?” म्हणून हटकले, तेव्हा भान आले.

अमीर अली नावाचा ठग आपली हकीकत सांगतो. वाटसरूंशी गोड बोलून सोबत धरायची, चार मुक्काम एकत्र जेवायचे, मग नेमल्या जागी ‘तमाकू लाओ’ अशी खूण होताच रुमालाने गळे आवळायचे. एकूण बळी सातशे एकोणीस! बारा वर्षे तुरुंगात गेली नसती तर हजार भरले असते, ही त्याची हळहळ.

त्याहून मला अस्वस्थ केले ते दोन गोष्टींनी. हे ठग, हिंदू असोत की मुसलमान, भवानीचे भक्त. तिच्या नावाचा गूळ ज्याने चाखला तो कायमचा ठग झाला, असे हे पुस्तक सांगते. आमचे लातूर गुळाच्या बाजाराचे गाव. आश्विनात इकडची माणसे पायी तुळजापूरला जातात. आणि दुसरी गोष्ट : प्रस्तावनेत टेलर म्हणतो की हे जवळजवळ सारे खरे आहे, कल्पना आहे ती केवळ प्रसंग जोडण्यापुरती.

टेलर परका खरा, पण आमच्या मुलखाचा जाणता. निजामाच्या नोकरीत तो तरुणपणी तुळजापूरकडे होता. १८५३ साली नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार त्याच्याकडे आला. त्याच्या ‘तारा’ या १८६३ च्या कादंबरीची नायिका तुळजापूरचीच. अमीर अली आपल्याला १८३२ साली भेटला, असे तो लिहितो. अशा माणसावर विश्वास कोण ठेवणार नाही?

मी ठेवला. इतिहासाच्या तासाला सारी हकीकत रंगवून सांगितली. मुले श्वास रोखून ऐकत होती. तेवढ्यात एकाने मागच्या बाकावरच्या, पालावर राहणाऱ्या मुलाकडे बोट केले : “गुरुजी, हे ह्यांच्यातलेच का?” वर्ग हसला. तो मुलगा हसला नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत आला नाही.

मग मी पुस्तक पुन्हा उघडले, या वेळी कादंबरीकाराच्या नजरेने. ‘ही सत्यकथा आहे’ हे वाक्य आरंभी घातले की वाचक कसा निर्धास्त होतो, हे मला ठाऊक आहे. मीही ते एकदा घातले आहे.

वाटमारे होते, खूनही झाले. ते कोणी नाकारत नाही. पण साऱ्या हिंदुस्थानभर पसरलेला, देवीच्या आज्ञेने मारणारा एकच पंथ होता का, यावर इतिहासकारांनी पुढे मोठी शंका घेतली. कारण पुराव्याचा बराच भाग माफीच्या साक्षीदारांचा. अमीर अलीही त्यातलाच. ज्याची मान फासात आहे, तो साहेबाला हवे ते सांगणार नाही का? १८३६ च्या कायद्याने तर ठगांच्या टोळीत असणे एवढाच गुन्हा जन्मठेपेला पुरेसा ठरला. मग १८७१ साली ब्रिटिश मुलखात कित्येक जमातींवरच गुन्हेगारीचा शिक्का बसला. तो कायदा गेला १९५२ साली. वर्गातले बोट मात्र अजून उठते. त्या दिवशी ते मीच उठवले होते.

मी पालावर गेलो. त्याच्या आईने सतरंजी अंथरली, चहा दिला. कशासाठी आलो, ते मला तिला धड सांगता आले नाही. “उद्या पाठवा,” एवढेच म्हणालो.

तो आला. मी वर्गाला सांगितले की परवा गुरुजी चुकले, आणि का चुकले तेही सांगितले. सारे गप्प होते. शेवटी त्यानेच विचारले, “मग गुरुजी, अमीर अली होता का नव्हता?”

“असेल बाबा.”

“अन् ते सातशे एकोणीस मोजले कुणी?”

मी म्हणालो, “त्यानेच.”

या वेळी तो हसला.