कागद कोणता?

ऑफसेट छपाई सगळीकडे पोहोचण्याआधी मराठी साप्ताहिकाला किंवा दिवाळी अंकाला फोटो छापायचा असला की तो आधी ब्लॉकमेकरकडे जाई. फोटो कुणाचा आहे, हे ब्लॉकमेकर नंतर विचारी. आधी विचारी, कागद कोणता? न्यूजप्रिंट असेल तर इंचाला ५५ ते ६५ रेघांची जाळी, आर्ट पेपर असेल तर १२० ते १५०. शाई पिणाऱ्या खरबरीत कागदावर बारीक जाळीचा ब्लॉक चढवला, तर ठिपक्यांमधल्या फटी बुजतात आणि चेहऱ्याच्या जागी काळा डाग उठतो. फोटोत तपशील किती ठेवायचा, हे नुसता फोटो पाहून ठरत नसे. तो ज्या वाटेनं वाचकापर्यंत जाणार, ती वाट पाहून ठरे. संकेतस्थळासाठी चित्र तयार करण्याचं आजचं काम, म्हणजे ते कापणं, लहान करणं, योग्य साच्यात बसवणं आणि त्याचं वजन उतरवणं, हे याच धंद्याचं पुढचं पर्व आहे, असं माझं म्हणणं आहे. त्याचा इतिहास १९९३ पासून सांगायची पद्धत आहे, आणि त्यामुळे या कामातली निम्मी अक्कल कुठून आली तेच कळत नाही.

छपाईच्या यंत्राला करडा रंग ठाऊक नसतो. उंच भागाला शाई लागते, खोलगट भागाला लागत नाही, आणि या दोहोंच्या मधलं काही नसतं. फोटो तर सगळा मधल्या छटांचाच. हा पेच सोडवण्यासाठी फॉक्स टॅलबटनं १८५२ च्या पेटंटात विरळ कापडाची जाळी सुचवली होती. न्यूयॉर्कच्या डेली ग्राफिकनं ४ मार्च १८८० रोजी एका झोपडवस्तीचं हाफटोन चित्र छापून दाखवलं, म्युनिकच्या गेओर्ग माइसेनबाखनं १८८२ मध्ये आपल्या पद्धतीचं पेटंट घेतलं, आणि फिलाडेल्फियात फ्रेडरिक आइव्हज व नंतर मॅक्स लेव्ही यांनी आडव्याउभ्या रेघांच्या काचेच्या स्क्रीनला पक्कं रूप दिलं. त्या काचेतून फोटोचा फोटो घेतला की छटांचे ठिपके होतात. काळोखी जागी मोठे, उजळ जागी बारीक, आणि हातभर अंतरावरून पाहणारा डोळा ते ठिपके विसरून छटा पाहतो. धंदा उभा राहिला तो डोळ्याच्या या एका मर्यादेवर.

मात्र सगळीच चित्रं या वाटेनं जात नसत. व्यंगचित्र, नकाशा, सही, सुलेखन यांच्यासाठी लाइन ब्लॉक असे. जस्ताच्या पत्र्यावर रेघ उतरवायची, पत्रा नायट्रिक ॲसिडमध्ये ठेवायचा, थोडी खोली आली की बाहेर काढून ड्रॅगन्स ब्लड नावाची राळेची पूड ब्रशनं रेघेच्या कडेला चारी बाजूंनी बसवायची, तापवायचं आणि पुन्हा ॲसिडमध्ये सोडायचं. नाहीतर ॲसिड रेघेला बाजूनं पोखरून ती तोडून टाकतं. हाफटोनच्या बारीक कामाला तांबं लागे, आणि तिथे शेवटचा हात माणसाचाच असे. जे भाग गडद हवेत ते वार्निशनं झाकायचे, बाकीच्यांना पुन्हा ॲसिड दाखवायचं, म्हणजे तिथले ठिपके आणखी बारीक होऊन चेहरा उजळतो. लाइनचं काम हाफटोनमध्ये दिलं तर अक्षरांच्या कडा ठिपक्यांनी कुरतडल्या जात. फोटो लाइनमध्ये दिला तर त्यातल्या छटा जाऊन नुसते काळे-पांढरे पट्टे उरत. चित्र हाती आलं की ते या दोनांपैकी कुठल्या जातीचं, हे ओळखणं हा या कामाचा पाया होता. पुढच्या सगळ्या विवेचनात हा भेद धरून ठेवावा लागेल.

आपल्याकडे हे काम कुणी दुय्यम मानलं नव्हतं. दादासाहेब फाळके बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रण आणि ब्लॉकचं तंत्र शिकले. चित्रपटाच्या आधी त्यांनी रविवर्मा प्रेससाठी काम केलं, स्वतःचा छापखाना आणि एन्ग्रेव्हिंगचा कारखाना काढला आणि १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रं व तंत्र आणायला ते जर्मनीला गेले. चार वर्षांनी पडद्यावर ‘राजा हरिश्चंद्र’ आला. तिकडे कोलकात्यात उपेंद्रकिशोर रायचौधुरी हाफटोनच्या गणितावर लंडनच्या पेनरोझ वार्षिकात लेख लिहीत होते. जाळीचा कोन, छिद्राचा आकार, अंतर यांचं नातं त्यांनी प्रयोगांनी शोधलं होतं. वसाहतीतला एक माणूस त्या काळी या शास्त्रात पहिल्या रांगेत होता, याची आठवण आपण फारशी ठेवलेली नाही, आणि मला ते मनापासून खटकतं.

आता १९९३ कडे येऊ. त्या वर्षी २५ फेब्रुवारीला मार्क अँड्रीसननं पानाच्या मजकुरातच चित्र बसवण्याची खूण सुचवली, आणि मोझेक ब्राउझरनं ती लोकांच्या हाती दिली. वाट होती टेलिफोनची. १४.४ चा मोडेम सगळं नीट चाललं तर सेकंदाला १,८०० बाइट आणतो. ६०० बाय ४०० ठिपक्यांचा रंगीत फोटो, प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट, म्हणजे ७,२०,००० बाइट. तो जसाच्या तसा आणायला ६ मिनिटं ४० सेकंद लागतात. तोच ४०,००० बाइटांत बसवला तर बावीस सेकंद. ब्लॉकमेकरचा न्यूजप्रिंट तारेचं रूप घेऊन परत आला होता. आणि उत्तरही जुन्याच वळणाचं निघालं. कॉम्प्युसर्व्हनं १९८७ मध्ये आणलेल्या गिफमध्ये जास्तीत जास्त २५६ रंग बसतात. लोगो, नकाशा, आकृती यांना ते पुरतात, आणि दाबलेलं चित्र उघडलं की प्रत्येक ठिपका होता तसा परत मिळतो: हा लाइन ब्लॉक. फोटो गिफमध्ये बसवायचा झाला तर नसलेली छटा दोन रंगांचे ठिपके शेजारी ठेवून भासवावी लागे. ते गणित संगणकशास्त्रात १९७६ च्या फ्लॉइड-स्टाइनबर्ग रीतीपासून प्रसिद्ध होतं, आणि त्या विषयाला शास्त्रज्ञ आजही हाफटोनिंगच म्हणतात.

हाफटोनची खरी जागा घेतली ती जेपेगनं. त्याच्या मुळाशी असलेलं गणित बंगळुरात जन्मलेल्या नासिर अहमद यांचं. कॅन्सस स्टेट विद्यापीठात असताना १९७२ मध्ये त्यांनी या कल्पनेसाठी सरकारी अनुदान मागितलं आणि ते नाकारलं गेलं. त्यांनी उन्हाळाभर काम चालूच ठेवलं आणि १९७४ च्या जानेवारीत टी. नटराजन व के. आर. राव यांच्याबरोबर शोधनिबंध छापला. १९८६ मध्ये बसलेल्या तज्ज्ञगटानं त्यावर जे मानक रचलं ते १९९२ मध्ये आलं. त्याचा आतला व्यवहार जवळून पाहण्यासारखा आहे. आधी चित्रातला उजेड आणि रंग वेगळे केले जातात. डोळा उजेडातला बारीक फरक टिपतो, रंगातला तितका टिपत नाही. म्हणून रंगाचे दोन्ही थर बहुधा निम्म्या रुंदीला आणि निम्म्या उंचीला ठेवतात. एवढ्यानंच तीन भागांचा माल दीड भागावर येतो. मग चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतात आणि प्रत्येक चौकोनातल्या ६४ आकड्यांच्या जागी दुसरे ६४ मांडतात: पहिला आकडा चौकोनाच्या सरासरी उजेडाचा, पुढचे क्रमानं बारीक होत जाणाऱ्या चढउतारांचे. या प्रत्येकाला एका कोष्टकातल्या आकड्यानं भागून पूर्णांक करायचं. मानकानं नमुन्याला दिलेल्या उजेडाच्या कोष्टकात पहिला भाजक १६ आहे, शेवटचा ९९. सगळ्यात बारीक चढउताराचा आकडा ४० आला असेल, तर ४० भागिले ९९ म्हणजे शून्य. तो तपशील कायमचा गेला. कोष्टकातले हे आकडे माणसांच्या नजरेवर केलेल्या प्रयोगांतून आलेले आहेत. फोटो जतन करताना आपण ‘क्वालिटी’ची पट्टी सरकवतो तेव्हा हे भाजक लहानमोठे होतात.

तुलना ओढूनताणून केलेली आहे, असा आक्षेप इथे येईल. पहिली संकेतस्थळं रचणारे तरुण ब्लॉकमेकरच्या हाताखाली शिकलेले नव्हते, आणि जस्ताच्या पत्र्याचा जेपेगच्या गणिताशी संबंध नाही. माणसांची वंशावळ जुळत नाही हे खरं. हत्यारांची मात्र जुळते. १९९० मध्ये फोटोशॉप आलं ते छपाईपूर्व कामाच्या लोकांना डोळ्यांसमोर ठेवून, आणि त्याच्या यादीतला ‘अनशार्प मास्क’ हा चित्र टोकदार करणारा पर्याय म्हणजे ब्लॉकसाठी फोटोचा फोटो घेणाऱ्या प्रोसेस कॅमेऱ्याच्या अंधाऱ्या खोलीतली जुनी युक्ती आहे. तिथे मूळ निगेटिव्हवर मुद्दाम धूसर केलेली फिल्म ठेवून कडा उठाव घेईपर्यंत काम करत. धूसर फिल्म गेली, नाव राहिलं, आणि वेबसाठी चित्र लहान केल्यावर शेवटी हाच हात फिरवायची रीतही राहिली.

दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे. ब्लॉकमेकर मूळ फोटोला धक्का लावत नसे. जेपेग तर माहितीच फेकून देतं. पण फेकून देतो तो ब्लॉकही. ६५ च्या जाळीतून गेलेल्या चेहऱ्यावरची पापणी ब्लॉकमधून परत काढता येत नाही. म्हणून तर छापील फोटोवरून नवा ब्लॉक करायला चांगला कारागीर नाखूश असे. ठिपक्यांवर ठिपक्यांची जाळी बसली की लहरींची नक्षी उठते. जेपेग उघडून, थोडं कापून, पुन्हा जेपेगमध्येच ठेवण्याची चूक याच जातीची आहे. शिस्तही दोन्हीकडे एकच: मूळ वेगळं जपायचं, आणि प्रत्येक वेळी मुळावरूनच नवी प्रत काढायची.

मराठीपुरता लाइन आणि हाफटोन या भेदाचा फार जाच झाला. युनिकोड रुळण्याआधी देवनागरी मजकूर प्रत्येकाच्या संगणकावर दिसेल याची खात्री नव्हती, म्हणून शीर्षकं आणि कित्येकदा आख्खे मजकूर चित्र करून पानावर ठेवले जात. शिरोरेषा म्हणजे पांढऱ्यावर एकदम काळी होणारी सरळ कड. जेपेगच्या चौकोनाला अशी कड मांडायला नेमके ते बारीक चढउतार लागतात, जे कोष्टक आधी पुसतं. मग शिरोरेषेच्या वरखाली करड्या ठिपक्यांची भुरभुर दिसते, अनुस्वार पुसट होतो, आणि रफाराची वेलांटी वाटू लागते. लाइनचं काम हाफटोनला दिल्याचा हा परिणाम. त्याला गिफ हवं होतं. किंवा गिफमागच्या दाबपद्धतीवर युनिसिसनं १९९४ च्या अखेरीस पेटंटचा हक्क बजावल्यावर चिडलेल्या लोकांनी काही महिन्यांत रचलेलं, आणि १ ऑक्टोबर १९९६ ला अधिकृत शिफारस मिळालेलं पीएनजी. आज शुभेच्छांची आणि निधनवार्तांची मराठी अक्षरं फोन ते फोन फिरत पुन्हापुन्हा जेपेगमध्ये दाबली जातात, तेव्हा हाच दोष दिसतो. निधनवार्तेतलं नाव तरी स्वच्छ वाचता यावं, एवढी अपेक्षा फार नाही.

आता तारा जाड झाल्या, मग वजनाची चिंता कशाला, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. पण वाट रुंद झाली तशी गाडीही फुगली. २०११ च्या सुमारास साधारण पान अर्ध्या एमबीच्या आसपास होतं; दहा वर्षांत ते दोन एमबीच्या पुढे गेलं, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा चित्रांचा. शिवाय वाट सर्वांची सारखी रुंद झालेली नाही. एकच पान पुण्यात फायबरवर उघडतं आणि घाटात एका काडीच्या रेंजवरही. हे काम यंत्रावर सोडावं असं कुणी म्हणेल, तर दाबण्यापुरतं ते बरोबर आहे; गूगलचं २०१० चं वेबपी आणि नंतरचं एव्हीआयएफ ते जेपेगहून चांगलं करतात. पण कोष्टकाला सरासरी डोळा कळतो, चित्रातला विषय कळत नाही. शंभर माणसांच्या गटचित्रातले चेहरे फोनच्या रुंदीवर ओळखू येतील का, की मधली रांग कापून घ्यावी, हे वार्निशचा ब्रश धरणाऱ्यासारखं माणसालाच ठरवावं लागतं. २०१४ पासून ब्राउझरांत आलेल्या खुणांनी तर एकाच चित्राच्या अनेक रुंदींच्या प्रती, आणि हवं तर वेगळ्या कापाच्या प्रतीही, पानात नोंदवता येऊ लागल्या. फोन आपल्या पडद्यानुसार त्यातली एक उचलतो. कागद कोणता, हा प्रश्न आता पानाच्या मजकुरातच लिहिलेला असतो आणि उत्तर वाचकाचं यंत्र देतं.

हे दोन्ही धंदे एकाच पानावर समोरासमोर येतात ते जुन्या मराठी मासिकांच्या स्कॅनमध्ये. ‘मनोरंजन’च्या काळातल्या पानावर खिळ्यांनी जुळवलेला मजकूर असतो आणि शेजारी हाफटोनचा फोटो. आख्खं पान जेपेग केलं तर अक्षरांभोवती भुरभुर येते, आणि फोटोचे ठिपके पडद्याच्या ठिपक्यांशी भांडून लहरी उठवतात. पान नुसतं काळं-पांढरं केलं तर अक्षरं धारदार होतात आणि फोटो चिखल होतो. १९९० च्या दशकाच्या अखेरीस एटी अँड टीच्या प्रयोगशाळेत घडलेल्या देजाव्यू या साच्यानं पानाचे थर केले: अक्षरांचा थर बारीक जाळीनं, रेघेच्या रीतीनं, पार्श्वभूमीचा थर भरड जाळीनं, छटांच्या रीतीनं. इंटरनेट आर्काइव्हनं तो वर्षानुवर्षं वापरला. पण थर वेगळे करण्यासाठी आधी पानावरची कुठली काळी खूण अक्षराची आणि कुठली फोटोच्या ठिपक्याची, हे ओळखावं लागतं, आणि न्यूजप्रिंटवर ६५ च्या जाळीचा ठिपका बऱ्याचदा अनुस्वाराएवढाच असतो.